एक जीव, दोन हिशेब

मित्रहो, आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी एक जुने दृश्य आपल्यापुढे ठेवतो. पशुवैद्यकाच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष होते आणि मी एका प्राणिसंग्रहालयात काही आठवडे उमेदवारी करत होतो. तिथे सिमेंटच्या ओट्यावर एक अस्वल राहत असे. ते भिंतीच्या कडेने सात पावले जाई, कोपऱ्यात मान डावीकडे झटकून वर उचली, वळे आणि सात पावले परत येई. पहिल्या दिवशी मला वाटले, ते फिरते आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की प्रत्येक फेरीत त्याचा प्रत्येक पंजा ठरल्या जागीच पडतो. त्या जागा घासून खोलगट झाल्या होत्या आणि पाऊस पडून गेला की तेवढ्याच खळग्यांत पाणी साचून राही. अस्वल आत असताना, बाहेर नुसते ते खळगे मोजूनही त्याचा दिवस कसा जातो हे सांगता आले असते. समोर एक फलक होता : ही प्रजाती धोक्यात आहे आणि येथे तिचे संवर्धन केले जाते.

तो फलक खोटा नव्हता. त्या प्रजातीची पिल्ले तिथे जन्मली होती, जगली होती, इतर संग्रहालयांत गेली होती. आणि ते खळगेही खरेच होते. या दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी मनात कशा ठेवायच्या, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

प्राणिकल्याण आणि संवर्धन हे दोन शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो, त्यामुळे ते एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे वाटू लागते. तसे नाही. प्राणिकल्याण हे एका जिवंत प्राण्याविषयी असते. त्याची भूक, त्याची दुखणी, त्याची भीती, त्याचा कंटाळा आणि त्याचा आनंद हा त्याचा विषय. संवर्धन हे प्रजातीविषयी असते. किती उरले, कुठे उरले, त्यांच्यात जनुकीय विविधता किती आहे, पुढची शंभर वर्षे ते टिकतील का, हे त्याचे प्रश्न. अस्वलाला आपण दुर्मीळ आहोत हे ठाऊक नसते. प्रजातीला पाय दुखण्याची जाणीव नसते. जंगलात काम करणाऱ्या संवर्धकाला बहुधा दुसरा हिशेब पुरतो, गोठ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरला पहिला पुरतो. पण प्राणिसंग्रहालय ही अशी जागा आहे, जिथे एकाच जिवाच्या नावावर हे दोन्ही हिशेब लिहावे लागतात आणि ते नेहमी जुळतातच असे नाही. आधुनिक प्राणिसंग्रहालय कोणते, हे मी तिथल्या काचा आणि धबधबे पाहून ठरवत नाही. हे हिशेब जुळत नाहीत तिथे ते काय करते, हे पाहून ठरवतो.

इतिहासात फार रेंगाळत नाही. आज चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातले, १७५२ सालचे. ते राजाच्या वैभवासाठी होते. लंडनचे १८२८ मध्ये अभ्यासकांसाठी उघडले आणि सर्वसामान्यांना तिथे १८४७ मध्ये प्रवेश मिळाला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांच्या जागी खंदक खणले आणि सिंह उघड्या माळावर उभा असल्यासारखा दिसू लागला. ही सुधारणा मोठी होती, मात्र ती मुख्यतः पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होती. खंदकाच्या पलीकडे सिंहाला लपायला जागा आहे का, हे त्या काळी फारसे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न नीट विचारला हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने. बर्न, बासल आणि झुरिक येथील संग्रहालयांचे संचालकपद सांभाळलेल्या या माणसाने १९४० च्या दशकात दाखवून दिले की रानातला प्राणीही काही मनमुराद भटकत नसतो. त्याचा मुलूख ठरलेला असतो आणि त्या मुलखात झोपण्याची, पाणी पिण्याची, अंग घासण्याची, वासाच्या खुणा सोडण्याची, संकटात पळून जाण्याची अशा नेमून दिलेल्या जागा असतात. अनोळखी जीव किती जवळ आला की पळायचे, याचे अंतरही प्रत्येक प्रजातीचे ठरलेले असते. पिंजरा त्या अंतरापेक्षा लहान असेल तर प्राणी दिवसभर पळण्याच्या बेतातच राहतो; पळू मात्र शकत नाही. म्हणून नुसते चौरस मीटर वाढवून भागत नाही. त्या जागेत काय आहे आणि प्राण्याला तिचा काय उपयोग करता येतो, हे पाहावे लागते. माझ्या अस्वलाचा ओटा दुप्पट मोठा केला असता तर मला वाटते त्याने सातच्या जागी चौदा पावले टाकली असती.

कल्याणाची जी परिभाषा आज संग्रहालयांत वापरली जाते, ती आली शेतीतून. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने गोठ्यांत आणि खुराड्यांत बंदिस्त असलेल्या जनावरांची पाहणी केली आणि उभे राहणे, आडवे होणे, वळणे, अंग स्वच्छ करणे, हातपाय ताणणे एवढे तरी स्वातंत्र्य त्यांना असावे, असे म्हटले. १९७९ मध्ये त्यातून पाच स्वातंत्र्यांची मांडणी झाली : भूक-तहान, गैरसोय, वेदना आणि आजार, भीती आणि ताण यांपासून मुक्ती, तसेच स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. ही यादी प्रामुख्याने दुःख टाळण्याची होती. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर आणि सी. एस. डब्ल्यू. रीड यांनी पाच क्षेत्रांची नवी चौकट मांडली, तिच्यात आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन या चारांचा परिणाम पाचव्या क्षेत्रावर, म्हणजे प्राण्याच्या मनःस्थितीवर, काय होतो हे पाहायचे असते. पुढे त्याच चौकटीत सुखद अनुभवांनाही जागा मिळाली. दुखत नाही एवढ्यावर न थांबता, बरे वाटते का, असे विचारण्यापर्यंत शास्त्राला यायला तीसहून अधिक वर्षे लागली.

ही चौकट रोजच्या कामात कशी उतरते, ते वाघाच्या शेपटीवरून सांगतो. पूर्वी वाघाचे रक्त तपासायचे तर भुलीचे इंजेक्शन लांबून मारावे लागे. सुई लागल्यावर तो उसळे, गजांवर धडका देई, भुलीचा धोका वेगळा, आणि नंतर कित्येक दिवस तो प्राणिरक्षकाची चाहूल लागताच मागच्या भिंतीला जाऊन बसे. आता अनेक ठिकाणी वाघाला शिकवले जाते. शिट्टी वाजली की त्याने जाळीला समांतर आडवे व्हायचे, जाळीखालच्या फटीतून शेपटी बाहेर येऊ द्यायची. बक्षीस म्हणून पुढच्या बाजूने मांसाचे तुकडे मिळत राहतात. पहिले काही दिवस नुसता शेपटीला हात लावायचा, मग स्पिरिटचा बोळा, मग बोथट काडी आणि कित्येक आठवड्यांनी खरी सुई. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा सुई शिरताना वाघाने कान मागे घेतले, शेपटीचे टोक हलले आणि तो पुन्हा मांस चाटू लागला. मला महत्त्वाचे वाटते ते हे की मधेच उठून जायची त्याला पूर्ण मुभा असते. तो उठून गेला तर त्या दिवशी रक्त घ्यायचे नाही. त्याला शिक्षा नाही की उपाशी ठेवणे नाही. बंदिवासात जन्म काढणाऱ्या प्राण्याला ‘नाही’ म्हणता येणे, ही गोष्ट मी फार मोठी मानतो.

अन्न लपवून ठेवणे, ते कोड्यासारख्या डब्यातून काढायला लावणे, अनोळखी वास, चढायला आणि उकरायला जागा, पाहुण्यांच्या नजरेआड जाण्याची सोय, या सगळ्याला संग्रहालयात ‘एन्रिचमेंट’ म्हणतात. चांगल्या ठिकाणी तिचे वेळापत्रक असते आणि तिचा परिणाम मोजलाही जातो, कारण रक्षकाला गंमत वाटलेली वस्तू प्राण्याला भीतीदायक वाटण्याचीही शक्यता असते.

आता कठीण भाग. काही प्राणी बंदिवासात कितीही मेहनत घेतली तरी नीट जगत नाहीत. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी मांसभक्षक प्राण्यांच्या अनेक प्रजातींची तुलना केली, तेव्हा असे दिसले की रानात ज्यांचा मुलूख अफाट असतो त्यांच्यातच येरझारा घालणे आणि पिल्ले दगावणे यांचे प्रमाण अधिक असते. ध्रुवीय अस्वलाचा नेहमीचा पिंजरा त्याच्या रानातल्या लहानात लहान मुलखाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढा भरतो, असे त्यांनी नोंदवले. २००८ मध्ये हत्तींचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील संग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचे मध्यक आयुर्मान सुमारे १७ वर्षे निघाले, तर केनियातील अंबोसेलीच्या रानात, माणसाने मारलेल्या वगळता, ते ५६ वर्षे होते. या आकडेवारीत जुन्या, वाईट काळातल्या हत्तिणीही धरल्या आहेत हा आक्षेप रास्त आहे आणि त्यानंतर हत्तींच्या व्यवस्थेत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. पण हत्ती पाहायला गर्दी होते आणि तिकीटबारी हत्तीवर चालते, हे कारण मला कधीच पटलेले नाही. ज्याला मोठा कळप, मोठी जमीन आणि दिवसभर चालण्याची मोकळीक देता येत नाही, त्या संस्थेने हत्ती ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग प्राणिसंग्रहालये हवीतच कशाला? याचे उत्तर अरबी ओरिक्सच्या कहाणीत आहे, आणि त्या उत्तराला असलेली मर्यादाही तिथेच आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. हा वाळवंटातला पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा कुरंगवर्गीय प्राणी. मोटारी आणि बंदुका आल्यावर त्याची शिकार इतकी सोपी झाली की १९६२ मध्ये उरलेले काही ओरिक्स पकडून आणण्याची मोहीम काढावी लागली. त्यांतून तीन जगले. लंडनच्या संग्रहालयातला एक, कुवेतमधून एक, सौदी अरेबियातून चार असे मिळून नऊ जणांचा कळप अमेरिकेत फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवण्यात आला. तिथली कोरडी हवा त्यांच्या सवयीची होती. १९७२ मध्ये ओमानमध्ये रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. त्या दिवशी ही प्रजाती पृथ्वीवर केवळ कुंपणांच्या आत उरली होती. १९८२ मध्ये ओमानच्या जिद्दत अल हरासिस पठारावर कुंपणात वाढलेले ओरिक्स मोकळे सोडले गेले आणि स्थानिक हरासिस जमातीतली माणसे त्यांचे राखणदार झाली. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यांची संख्या चारशेच्या वर गेली होती.

आणि मग पुन्हा शिकारी आले. या वेळी त्यांना श्रीमंतांच्या खासगी संग्रहांसाठी जिवंत ओरिक्स हवे होते. काही वर्षांत संख्या इतकी घसरली की उरलेल्यांपैकी काहींना परत कुंपणात आणावे लागले. जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदले गेलेले ते अभयारण्य, सरकारने त्याचे क्षेत्र फार मोठ्या प्रमाणात कमी केल्यावर, २००७ मध्ये यादीतून वगळण्यात आले. यादीतून वगळले गेलेले ते जगातले पहिलेच स्थळ. तरीही इतर देशांतही पुनर्वसन चालू राहिले आणि २०११ मध्ये ओरिक्सची नोंद ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या वर्गात झाली. रानातून नामशेष झालेला प्राणी तिथपर्यंत परत येण्याचे हे पहिलेच उदाहरण. संग्रहालयाने वेळ मिळवून दिला. पण ज्या कारणाने प्राणी गेला ते कारण तसेच राहिले तर मिळालेला वेळ वाया जातो, हेही त्याच पठारावर दिसले.

नऊ जणांपासून हजारो करायचे तर भावंडांत विणी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. त्यासाठी प्रत्येक प्रजातीची वंशावळ ठेवली जाते. तिला ‘स्टडबुक’ म्हणतात. कोणता प्राणी कोणाचा, कुठे जन्मला, कुठे आहे, कळपातल्या इतरांशी त्याचे सरासरी नाते किती जवळचे, हे त्यात असते, आणि त्यावरून कोणाची जोडी लावायची ते ठरते. शंभर वर्षांनंतरही मूळ विविधतेपैकी ९० टक्के शिल्लक राहावी, हे नेहमीचे उद्दिष्ट. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी नामशेष झाला असे मानले जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट आणून अंगणात टाकला आणि शोध सुरू झाला. पुढे रोगराईतून वाचलेले १८ फेरेट पकडून आणले गेले, आणि आजच्या सगळ्या फेरेटांचे पूर्वज त्यांतले अवघे सात. म्हणूनच १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या एका मादीच्या पेशींपासून २०२० मध्ये क्लोन जन्माला घातली गेली. त्या मादीचे वंशज उरले नव्हते आणि तिची जनुके नव्याने मिळणार होती.

इथेच ते दोन हिशेब सर्वांत जोरात एकमेकांवर आदळतात. २०१४ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा तरुण, धडधाकट जिराफ मारला, प्रेक्षकांसमोर त्याचे शवविच्छेदन केले आणि त्याचे मांस सिंहांना घातले. त्याची जनुके कळपात भरपूर होती, त्याची गरज नव्हती, हे त्यांचे कारण. जगभर संताप उसळला. संग्रहालयाची बाजू मी अनेकदा विचारात घेतली आहे आणि ती पोकळ नाही : विणे, पिल्लू पाजणे, वाढवणे हे मादीच्या आयुष्यातले मोठे सुख आहे, गर्भनिरोधके देऊन ते हिरावून घेणे हेही कल्याणाच्या विरोधातच जाते आणि जागा तर मर्यादित आहे. अमेरिकेतल्या संस्था बहुधा गर्भनिरोधकांचा मार्ग पत्करतात. युरोपातल्या काही संस्था पिल्ले होऊ देतात आणि जास्तीची मारतात. दोन्हींत कोणाचे तरी काही हिरावले जातेच. तरीही माझे मन मारियसच्या बाजूने जाते. त्याला नको असलेली संख्या म्हणून जन्माला घालणाऱ्यांनी जन्माच्या आधीच पुढच्या जागेचा विचार करायला हवा होता, आणि त्याला घ्यायला दुसऱ्या संस्था तयार असताना तर हे अधिकच खरे ठरते.

दोन्ही हिशेब एकत्र सांभाळता येतात, याचा माझा आवडता दाखला कॅलिफोर्नियाच्या कंडोरचा. १९८२ मध्ये हे महाकाय गिधाड अवघे २२ उरले होते आणि १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून सगळेच २७ पक्षी सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांत आणले गेले. त्या काळी या निर्णयाला कडाडून विरोध झाला होता. कंडोर एका वेळी एकच अंडे घालतो. ते काढून घेतले तर जोडी बहुधा दुसरे घालते, म्हणून काढलेली अंडी यंत्रात उबवून पिल्लांना कंडोरच्या डोक्याच्या आकाराची बाहुली हातात चढवून भरवले जाई, माणूस त्यांना दिसू नये म्हणून. १९९२ पासून पक्षी सोडले जाऊ लागले. काही विजेच्या तारांना धडकून मेले, तेव्हा सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात सौम्य झटका देणारे नकली खांब उभारून, खांबावर बसू नये हे त्यांना शिकवण्यात आले. आज पाचशेहून अधिक कंडोर आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मोकळे आहेत. पण ते खातात मेलेली जनावरे आणि त्यांत शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्यांचे कण असतात. म्हणून मोकळे कंडोर पुन्हा पुन्हा पकडून त्यांचे रक्त तपासावे लागते, आणि विषबाधा झालेल्यांना संग्रहालयाच्या दवाखान्यात आणून रक्तातले शिसे उतरवावे लागते. तो पक्षी प्रजातीसाठी मोलाचा आहे म्हणून त्याला आणतात, पण दवाखान्यात आल्यावर डॉक्टरसमोर असतो तो उलट्या करणारा, मान खाली टाकलेला एकच पक्षी.

याच दवाखान्यांतून आलेल्या ज्ञानाची फारशी वाच्यता होत नाही. जगभरच्या बेडकांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झाले, ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बेडकांवरून. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कावळे आणि फ्लेमिंगो मरू लागले, तेव्हा ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांनी पक्ष्यांचे मृत्यू आणि माणसांतला मेंदूज्वर यांचा संबंध असावा हे ताडले. पुढे तो वेस्ट नाइल विषाणू निघाला. मृत्यूची नोंद काळजीने ठेवणारी संस्था किती उपयोगी पडते, ते यातून दिसते.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार प्राणिसंग्रहालये आणि मत्स्यालयांना वर्षाकाठी ७० कोटींहून अधिक भेटी दिल्या जातात आणि ती रानातल्या संवर्धनावर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च करतात. म्हणजे दर भेटीमागे अर्धा डॉलर. एकूण रक्कम मोठी आहे आणि दरडोई ती फार थोडी आहे. संवर्धनाच्या नावावर प्राणी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातला किती हिस्सा त्या प्राण्याच्या मूळ रानासाठी जातो ते दारावर लिहावे, असे मला मनापासून वाटते.

आणि कोणते प्राणी ठेवायचे, हा प्रश्न राहतोच. फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर पार्टुला नावाच्या, नखाएवढ्या गोगलगाई राहत. शेतीची नासधूस करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंचा बंदोबस्त करण्यासाठी माणसाने तिथे एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. मोठ्या गोगलगाईंना सोडून तिने पार्टुलाच खाऊन टाकल्या. उरलेल्या वाचवून संग्रहालयांत आणल्या गेल्या, लहान पारदर्शक पेट्यांत वाढवल्या गेल्या. त्यांतली पार्टुला टर्जिडा ही प्रजाती १९९६ च्या जानेवारीत लंडनच्या संग्रहालयात संपली; शेवटची गोगलगाय एका परजीवीच्या संसर्गाने मेली. इतर प्रजाती तगल्या. या जिवाला एका पेटीत ओल, पालापाचोळा आणि योग्य तापमान एवढे मिळाले तर त्याच्या गरजा बऱ्याचशा भागतात. हजार ध्रुवीय अस्वलांना जे देता येणार नाही ते हजार गोगलगाईंना एका खोलीत देता येते. पाहायला मात्र कोणी येत नाही. पेट्या मागच्या खोलीत असतात आणि दारावर तिकीट नसते.

२०१५ पासून या गोगलगाई बेटांवर परत सोडल्या जात आहेत. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा एक ठिपका लावतात. तो अतिनील प्रकाशात चमकतो, म्हणजे रात्री, त्या हालचाल करतात तेव्हा, विजेरीने झाडांवर शोधता येतात. २०२४ मध्ये मूरिया बेटावर पाहणी करणाऱ्यांना पार्टुला टोहिव्हियाना या प्रजातीची पूर्ण वाढ झालेली गोगलगाय पानावर सापडली. त्यांनी विजेरी जवळ नेली, शंख फिरवून पाहिला. त्याच्यावर ठिपका नव्हता.